पेखळ्यांच्या कर्जाची बदली

रंगनाथ पेखळे यांच्यावर क्रेडिट कार्डाचे कर्ज झाले, यात मुद्दाम कळवण्यासारखे काही नाही. दोन हजार चारच्या सुमारास नाशकात ते कोणावर झाले नव्हते, ते सांगा. गंगापूर रोडवर टेबल टाकून, भर उन्हात टाय बांधून पोरं उभी असायची. सही करा आणि प्रवासी बॅग फुकट घेऊन जा. पेखळ्यांनी बॅग घेतली. बॅगेमागून कार्ड आले, कार्डामागून वॉशिंग मशीन आणि मशीनमागून एकवीस हजारांचे कर्ज. बॅगेची चेन पहिल्या महिन्यातच गेली. कर्ज मात्र चांगल्या प्रतीचे निघाले.

मी आणि पेखळे एकाच सरकारी कार्यालयात. कोणत्या ते विचारू नका, मला पेन्शन हवी आहे. पेखळे आस्थापना शाखेत, म्हणजे बदल्यांच्या टेबलावर. राहायलाही आम्ही एकाच जिन्यात, दाराला दार लावून. तेव्हा पुढचे सारे मी डोळ्यांनी पाहिलेले किंवा भिंतीपलीकडून ऐकलेले आहे.

दर महिन्याला बँकेचे बिल यायचे. त्यात 'किमान देय रक्कम' असा हजारभराचा आकडा असे. पेखळे तेवढेच भरत. "बँकेनेच किमान म्हटलंय ना? मग जास्त भरून त्यांचा अपमान कशाला करायचा?" असे त्यांचे म्हणणे. वर्ष उलटले तरी एकवीस हजार जागचे हलेनात, तेव्हा एका रविवारी मालनवहिनींनी हातातल्या पाटल्या काढून टीपॉयवर ठेवल्या.

पाटल्या चार तोळ्यांच्या. वहिनींचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशातून लेकीला केलेल्या. वहिनींनी त्या तेजस्विनीच्या लग्नात तिच्या हातात घालायच्या ठरवल्या होत्या. तेजस्विनी तेव्हा बारावीला होती.

"मोडा ह्या," वहिनी म्हणाल्या. "कर्ज फिटेल, वर थोडे उरतील. पोरीच्या लग्नापर्यंत पुन्हा करू. पण हे डोक्यावरचं ओझं नको बाई."

पेखळे भडकले. "अगं, तुला व्यवहार कळतो का? सोनं मोडून कर्ज फेडतात ते अडाणी. शिकलेली माणसं नियोजन करतात."

नियोजनाचा फोन दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आला. ज्योत्स्ना नावाची मुलगी, दुसऱ्या एका बँकेची. अहो, काय गोड बोलायची! सर, तुमचं तिकडचं सगळं कर्ज आमच्या कार्डावर घेते, सहा महिने शून्य टक्के व्याज, याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात.

"आणि सातव्या महिन्यात?" मी शेजारच्या टेबलावरून विचारले.

पेखळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. बदल्यांच्या टेबलावर उभे आयुष्य काढलेल्या माणसाला ही योजना समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे एक साहेब होते. पैसे घेतल्याशिवाय सही करत नसत. तक्रारी झाल्या, मोर्चा आला. मग त्यांना शिक्षा काय झाली? पलीकडच्या तालुक्यात बदली. अलीकडच्यांनी पेढे वाटले. दोन वर्षांनी पलीकडच्यांनी वाटले. असे करत साहेब जिल्हाभर फिरले, प्रत्येक तालुक्याला एकेकदा सुखी करून गेले, आणि निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि चांदीचा गणपती घेऊन घरी बसले.

"जे सुटत नाही ते हलवायचं," पेखळे म्हणाले. "अख्खं सरकार यावर चालतं. माझं दोन खोल्यांचं घर चालणार नाही?"

त्यांनी घरी रीतसर फाइल उघडली. "उपरोक्त कर्जाची प्रशासकीय सोयीस्तव पहिल्या बँकेतून दुसऱ्या बँकेत बदली करण्यात येत आहे. कर्जाने तत्काळ रुजू व्हावे." ज्योत्स्नाच्या बँकेने प्रोसेसिंग फी कापली, तिची नोंद 'बदली प्रवासभत्ता' अशी झाली. पहिल्या बँकेने पत्र दिले की आपणाकडून काही येणे नाही. ते पत्र लॅमिनेट होऊन सप्तशृंगीच्या तसबिरीशेजारी लागले, आणि अख्ख्या जिन्यात पेढे वाटले गेले. दोन मीही खाल्ले.

इथे थांबले असते तर मी कशाला लिहायला बसलो असतो? पण पहिले कार्ड आता रिकामे झाले होते. रिक्त पद दिसले की आस्थापनेच्या माणसाला घास गिळवत नाही. वेळेत भरले नाही तर पद व्यपगत होते, म्हणजे कायमचे जाते, हा नियम पेखळ्यांना तोंडपाठ. त्यात मार्चअखेर. त्याच आठवड्यात अनुदान परत जाऊ नये म्हणून आमच्या कार्यालयाने लोखंडी कपाटे घेतली होती. ठेवायला जागा नसल्याने ती आजही जिन्याखाली उभी आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडेच नाहीत. पेखळ्यांनी दोन दारांचा फ्रिज घेतला. पद भरले गेले.

सहा महिने संपले, व्याज चालू झाले आणि ज्योत्स्नाचा पुन्हा फोन आला. आता ती तिसऱ्या बँकेत होती. तिचीही बदली झाली होती, आणि तीही बढतीवर. दोन्ही बँकांतली कर्जे तिने एकत्र तिसरीकडे नेली. पुन्हा फी, पुन्हा पत्र, पुन्हा पेढे. रिक्त झालेल्या दोन पदांवर सोफासेट आणि मोठा टीव्ही रुजू झाले. मग चौथी बँक आली. तिने सगळे कर्ज आपल्याकडे घेतले, पण तिन्ही जुनी कार्डे कात्रीने कापून घेतली. आता भिंतीवर 'येणे नाही' अशी तीन बँकांची तीन पत्रे झाली. डब्याच्या सुट्टीत लोक पेखळ्यांभोवती गोळा होऊ लागले. "साहेबांवर एका पैचं कर्ज नाही, तीन बँकांनी लिहून दिलंय," असे आमचा शिपाईसुद्धा सांगू लागला.

दरवेळी पेढ्यांचा बॉक्स सोडताना वहिनी एवढेच विचारायच्या, "अहो, पण एकूण किती झालं?"

"प्रस्ताव विचाराधीन आहे," पेखळे म्हणायचे.

एकदा मात्र भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज चढला. "कसला विचार करताय? तेव्हा पाटल्यांत सगळं फिटत होतं. आता निम्मं तरी फिटेल का? पोरीच्या हातात काय घालू मी, तुमची पत्रं?" त्यावर पेखळ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

चौथ्या बँकेचे व्याज चालू झाले आणि पाचवी बँक काही मिळेना. ज्योत्स्ना म्हणाली, "सॉरी सर, सध्या सिस्टिम तुमचं नाव घेत नाहीये." पेखळे डगमगले नाहीत. "बदल्यांना स्थगिती आलीय," त्यांनी मला सांगितले. "निवडणुका झाल्या की उठते."

स्थगिती उठायच्या आत मोटारसायकलवरून दोन माणसे आली. वसुलीची. जिन्यातूनच "पेखळे कोण?" म्हणून ओरडत आली, त्यामुळे जिन्यातली सगळी दारे उघडली, माझेही उघडले. पेखळ्यांनी त्यांना आत नेऊन थेट भिंतीसमोर उभे केले. "वाचा! मी कुणाचं काही देणं लागत नाही. तीन बँकांची लेखी पत्रं आहेत!"

त्यातल्या दांडग्याने तिन्ही पत्रे सावकाश वाचली. "झकास आहे साहेब," तो म्हणाला. "आम्ही चौथ्या बँकेचे."

"किती?" वहिनींनी आतून विचारले. दोन वर्षे त्या हेच विचारत होत्या. उत्तर पहिल्यांदा मिळाले.

"एक लाख अठरा हजार."

वहिनी मोरीत गेल्या. पाटल्या आता सहज निघत नव्हत्या, हात सुजले होते. साबण लावून, मनगट लाल करून त्यांनी त्या काढल्या आणि त्याच टीपॉयवर ठेवल्या. "तेव्हा दिल्या असत्या तर वर पैसे उरले असते," त्या म्हणाल्या. "आता ह्या जाऊनही कर्जच उरणार." तेजस्विनी दाराशी उभी होती. ती आईच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली आणि हुंदका देऊन आत पळाली. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी पेखळ्यांच्या कानाखाली दोन वाजवाव्यात असे मला वाटले.

पाटल्या सराफ बाजारात गेल्या. सोन्याचा भाव वाढला होता तरी तिसऱ्या हिश्शाच्या वर काही भागले नाही. पेखळ्यांनी फाइलवर शेरा मारला: "अंशतः कार्यवाही पूर्ण." उरलेल्या रकमेचे हप्ते पडले. बँकेने एक सवलत मात्र देऊ केली. चांगल्या नोकरदार माणसांची पाच नावे, फोन नंबरसह दिली, तर दंड माफ. पेखळ्यांनी बसल्या बैठकीला पाच नावे दिली. पहिले माझे.

"सर, पेखळे सरांनी तुमचं नाव सुचवलंय," परवा ज्योत्स्नाचा फोन आला. आता ती त्या चौथ्या बँकेत रुजू झाली आहे. "तुमच्याकडे एकही कार्ड नाही? इतकी चांगली सरकारी नोकरी आणि एकही नाही?"

मी संतापाने फोन आपटणारच होतो. पण मुलीचा आवाज खरोखर गोड आहे हो. आणि तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. इतकी वर्षे माझ्या नावावरचे पद रिक्तच होते. पेखळ्यांची चूक झाली ती नियोजनात. आपण तसे थोडेच करणार आहोत? बॅग काल आली. चेन अजून शाबूत आहे. आमच्या हिच्या बांगड्या पाच तोळ्यांच्या आहेत, पण त्यांना मी हात लावणार नाही. मी शिकलेला माणूस आहे.

माझ्याकडेही तिने पाच नावे मागितली, पहिल्या वर्षाची फी माफ करते म्हणाली. चार लगेच सुचली. पाचव्याला अडलो. मग आठवले, इथवर पेखळ्यांना हसत वाचत आलेले कोणीतरी आहे. तुमचा नंबर दिलाय. उद्या-परवा फोन येईल, उचला.