घूंकाराचा बंदोबस्त

शनिवारी सकाळी शशिधरने हीटिंग बंद केलं, तेव्हा वैभवीने शाल घेतली. मग त्याने वॉशिंग मशीन मधेच थांबवलं, तेव्हा साबणाच्या पाण्यात अडकलेल्या आपल्या कुर्त्याकडे तिने काचेतून एकदा पाहून घेतलं. पण तो फ्रिजमागे हात घालून स्विच चाचपू लागला, तेव्हा मात्र तिने कप खाली ठेवला.

"फ्रिज कशाला?"

"कंप्रेसर असतो ना त्यात. तो विजेच्या लाइनमध्ये घाण सोडतो."

"फ्रीजरमध्ये आईने पाठवलेल्या पुरणपोळ्या आहेत."

"पाच मिनिटं गं. पाच मिनिटांत काय होतंय पुरणपोळीला?"

फ्रिज गुरगुरून गप्प झाला. शशिधर धावत बैठकीच्या खोलीत गेला, त्याने हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा पडला. घूं तशीच होती.

ही घूं त्याने स्वतःच घरात आणली होती. ती येत होती एका नव्याने घेतलेल्या यंत्रातून; लंडनच्या एका जुन्या, नामवंत स्टुडिओ-यंत्राची हुबेहूब नक्कल. मायक्रोफोनचा बारीक आवाज मोठा करायचा आणि त्यातला खर्ज, तार हवा तसा कमीजास्त करायचा, हे तिचं काम. मूळ यंत्र शशिधरच्या स्वप्नातही परवडणारं नव्हतं. नक्कल परवडली. रंग तोच, लाल बटणं तीच, वजनही तेवढंच. फरक एवढाच, की ती चालू केली की गाणाऱ्याआधी तीच गायला लागायची.

ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा शशिधर एरवी इतक्या भानगडीत पडला नसता. पण त्याने रिवकामावशींना शब्द दिला होता. मावशींची ओळख हाउन्सलोच्या भाजीच्या दुकानामुळे झाली. तो आणि वैभवी भेंडीवरून मराठीत मनसोक्त भांडत होते. आजूबाजूला कोणाला कळणार आहे, असा त्यांचा समज. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ इंग्रजी टोपी काढून म्हणाले, "बाईसाहेबांचं बरोबर आहे. भेंडी जून आहे. घेऊ नका." ते सोलोमनकाका. भायखळ्याहून साठच्या दशकात आलेले मराठी यहुदी. जन्मभर विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या खात्यात होते. त्या दिवशी ते दोघांना थेट घरी चहालाच घेऊन गेले, आणि तिथे त्यांच्या पत्नी रिवकामावशी होत्या.

मावशींना त्यांच्या लोकांची जुनी मराठी लग्नगीतं येत. आता लंडनमध्ये ती येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांची नात मिरियम हिचं एडिनबराला लग्न ठरलं होतं. मेंदीच्या दिवशी आजीने गायचं हे पक्कं होतं, पण मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. मावशी त्या दिवसापासून नीट जेवत नव्हत्या. "मावशी, तुम्ही नाही तर तुमचा आवाज जाईल. असा रेकॉर्ड करतो, की तुम्ही खोलीत बसल्यात असं वाटेल," असं शशिधर बोलून गेला. बोलताना त्याच्याकडे ना मायक्रोफोन होता, ना यंत्र.

आता दोन्ही होतं, आणि घूं होती.

इंटरनेटवर यावर सल्ले देणाऱ्यांची मोठी फौज होती. एकाने अर्थिंगची वायर तोडायला सांगितली. तो सल्ला शशिधरने बाजूला ठेवला. शॉक बसलेल्या आजीचं गाणं कोणी मागितलं नव्हतं. दुसऱ्याने लॅपटॉपचा चार्जर काढायला सांगितला. तो काढल्याबरोबर मागची बारीक शिट्टी गेली. तिसऱ्याने विचारलं होतं, की मायक्रोफोनची वायर प्लगच्या वायरींबरोबर एकाच जुडीत बांधली आहे का. होती. वैभवीनेच ती गेल्या आठवड्यात व्यवस्थित दिसावी म्हणून बांधली होती. शशिधरने ती सोडवून खोलीभर फिरवली, तशी घूं निम्मी झाली.

"म्हणजे माझ्यामुळे?" वैभवी म्हणाली.

"अर्धी तुझ्यामुळे. अर्धी कारखान्यामुळे."

उरलेली अर्धी यंत्राच्या पोटात होती. त्याने प्लग काढला, चहा होईपर्यंत थांबला आणि झाकण उघडलं. आत मोदकाएवढा गोल ट्रान्सफॉर्मर, आणि त्याला खेटून आवाजाचा पहिला भाग. वीज घेणारा आणि आवाज ऐकणारा असे दोघे शेजारी बसवले होते, मग ऐकणाऱ्याला दुसरं काय ऐकू येणार? ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू ढिला करून तो थोडा फिरवायचा, झाकण लावायचं, ऐकायचं, बंद करायचं, पुन्हा फिरवायचा, असा खेळ सुरू झाला. वैभवीने कोट घातला. मग मोजे. कितव्या तरी खेपेला घूं एकदम विरली, जशी नको त्या पाहुण्याची पाठ दिसावी.

"गेली," तो कुजबुजला. "पण आता सूं येतेय."

वैभवी कोटाच्या बाह्या सावरत आली. "हे वरचं बटण असं शेवटपर्यंत का पिळलंयस?"

"आवाजाला चमक यावी म्हणून."

तिने ते मधोमध आणलं. सूं गेली. तपासणी हा आपला व्यवसाय आहे, हे शशिधरला नेमकं त्याच क्षणी आठवलं असावं.

हेडफोनमध्ये आता अशी शांतता होती, की त्याला स्वतःच्या गिळण्याचा आवाज येत होता. तो डोळे मिटून ऐकत बसला. मग त्याच्या कपाळावर आठी आली. "थांब. टप असं काहीतरी येतंय. पुन्हा आलं. टप. कपॅसिटर गेलाय बहुतेक."

वैभवीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराखालून पाण्याची एक शांत धार गालिच्याकडे निघाली होती.

"तो कपॅसिटर नाही," ती म्हणाली. "तो माझ्या आईचा डबा आहे."

पुन्हा गोठवता येणार नाहीत म्हणून सगळ्या पुरणपोळ्या रविवारी यंत्राबरोबर हाउन्सलोला निघाल्या. वैभवी गाडीत अख्ख्या वाटेत डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती. पण मावशींनी डबा उघडला, वास घेतला आणि वॉकर बाजूला सारून खुर्चीत बसल्या. "तूप लावून तव्यावर टाक गं पोरी. किती वर्षांनी..." त्यांनी दोन खाल्ल्या, मग आणखी अर्धी. सोलोमनकाका दारात उभं राहून बघत होते. ते वैभवीला हळूच म्हणाले, "ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली." वैभवीचा राग तिथेच उतरला. फ्रिज बंद ठेवल्याचं श्रेय शशिधरने घ्यायचा प्रयत्न केला, तो तिने हाणून पाडला.

मग काकांनी आपणहून घराचा ताबा घेतला. घड्याळातला सेल काढला, फ्रिज बंद केला (वैभवीने तिथेच खुर्ची टाकून पहारा दिला), आणि शेवटी स्वतःच्या कानातलं यंत्रही काढून खिशात ठेवलं. "हे मधेच शिट्टी मारतं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांना काहीच ऐकू येईना, पण ते फार समाधानाने बसले.

मावशींनी घसा साफ केला. थरथरता, पण सुरात पक्का आवाज लागला:

"मेंदी भिजली वाटीत, लेक..."

आणि छपरावरून विमान गेलं. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. शशिधरने डोक्याला हात लावला. विमानतळ जवळच होता, पण इतक्या भेटींत ती विमानं त्याच्या कानांवरून नुसती वाहून गेली होती. आता स्वच्छ केलेल्या यंत्रातून त्याला विमानाची चाकंसुद्धा ऐकू येत होती.

मावशी मात्र बिचकल्या नाहीत. 'लेक' म्हणून त्या थांबल्या, छताकडे पाहत राहिल्या, विमान गेलं, आणि ज्या सुरावर थांबल्या होत्या त्याच सुरावरून पुढे निघाल्या: "...बसली पाटावर."

"मावशी, हे कसं जमतं?"

"काय कसं?"

"थांबणं."

"अरे, इथे राहून न थांबता कोण गाणार? बोलतानाही थांबतो आम्ही. ते काँकॉर्ड विमान होतं तेव्हा तर अर्धं कडवं थांबावं लागे. यांच्याशी भांडताना फार बरं पडायचं. विमान जाईपर्यंत राग निवायचा."

आठवडाभर शशिधर लॅपटॉपवर बसून एकेक थांबा कापत होता. मावशींचा सूर इतका पक्का, की सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाही सापडेना. एकही घूं नाही, सूं नाही, विमान नाही. त्याने सीडी केली, वैभवीने त्यावर सुंदर अक्षरात नाव लिहिलं आणि एडिनबराला पाठवून दिली. दोघं त्या रात्री पहिल्यांदा हीटिंग लावून जेवले.

दोन दिवसांनी नतालीचा फोन आला. मावशींची ही मुलगी एडिनबराच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. मराठी बोलायची, पण जपून.

"शशिधर, सो ब्यूटिफुल. ममीचा आवाज एकदम क्लिअर आला. पण एक प्रॉब्लेम आहे. तो गाणं राँग आहे."

"राँग?"

"ममी 'लेक' म्हणून थांबते ना, तो थांबणं नाहीये. आमच्याकडे सगळे थांबतात. थांबून वर बघायचं. मिरियमने लहानपणापासून तसंच केलंय. वर जे गेलेले लोक आहेत, त्यांचा ब्लेसिंग घ्यायचा, मग 'बसली पाटावर'. सीडीवर ममी थांबतच नाही. मिरियम रडायलाच लागली. म्हणाली, आजी ब्लेसिंग विसरली."

शशिधरने फोन ठेवला आणि वैभवीला सगळं सांगितलं. मग दोघं हाउन्सलोला गेले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराने डोळे टिपले; हसण्याने की कशाने, ते कळलं नाही.

"माझीच चूक. मी नतालीला कधी सांगितलंच नाही, की ते विमान आहे. तिनेही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आता सांगू नकोस हं तिला. थांबा घाल परत."

घातला. पण यंत्र आता इतकं स्वच्छ होतं, की थांबा म्हणजे नुसती पोकळी. ऐकणाऱ्याला वाटावं, सीडी अडकली. आधीच्या रेकॉर्डिंगमधली विमानं त्याने मोठ्या उत्साहाने कायमची पुसून टाकली होती. म्हणजे एकच मार्ग उरला. पुढच्या शनिवारी शशिधर ते यंत्र घेऊन पुन्हा मावशींच्या घरी हजर झाला, मायक्रोफोन छताकडे वळवला आणि विमानाची वाट बघत बसला.

विमान येईना.

"आज वारा उलटा आहे," सोलोमनकाका खिडकीतून म्हणाले. "पूर्वेचा. असा असला की विमानं पलीकडून उतरतात. इकडे चिटपाखरू नाही."

"मग?"

"मग हलवा खा."

मावशींनी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा त्याने खाल्ला. मग चहा झाला. वैभवी मावशींकडून गाण्याची पुढची कडवी शिकत होती. दोघी 'लेक' म्हणून थांबायच्या, वर बघायच्या आणि हसायच्या. बाहेर हाउन्सलोवर अशी निवांत शांतता पसरली होती, जी शशिधरने दीड महिना शोधली होती आणि आज त्याला मुळीच नको होती. दुपार कलता कलता काकांनी बोट ओलं करून खिडकीबाहेर धरलं. "फिरतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने ढगांतून एक लांबच लांब घूं उतरू लागली, आणि शशिधर इतका घाईने उठला, की हलव्याची बशी पालथी झाली.

मेंदीच्या दिवशी नवी सीडी वाजल्यावर नतालीचा फोन आला, तेव्हा चौघंही मावशींच्या खोलीत बसले होते. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"ममी, सगळे थांबले. सगळ्यांनी वर बघितलं. नवऱ्या मुलाची ग्रॅनी पण. तिने विचारलं, तो थांबल्यावर मागे एवढा डीप म्युझिक वाजतो, ते कोणतं इन्स्ट्रुमेंट? चर्चमधल्या ऑर्गनसारखं वाटतं म्हणाली. अंगावर काटा आला म्हणाली. शशिधर, ते काय आहे?"

शशिधरने मावशींकडे पाहिलं. मावशींनी काकांकडे.

"तो आशीर्वाद आहे, बेटी," सोलोमनकाका फोनकडे वाकून म्हणाले. "आणि वेळेवर आला, हे विशेष. तो नेहमी अर्धा तास लेट असतो."