साळवेमामांची तालीम

शरणपूर रोडवरचे आमचे शेजारी साळवेमामा कुठेही गेले की आधी सगळ्यांत लांब रांग शोधतात आणि आनंदाने तिच्या शेपटाला उभे राहतात. मागून कोणी आलं तर त्यालाही पुढे घालतात. "जा बाबा तू. माझी तालीम चाललीये."

तालीम कसली? इंद्रियदमनाची! पाळकसाहेब एका रविवारी उपदेशात म्हणाले, संयमाला रोजची मेहनत लागते. बाकीची मंडळी आमेन म्हणून घरी मटण खायला गेली. मामांनी सोमवारपासून मेहनत सुरू केली.

आणि तिच्यात भरडला जातो मी, कारण स्कूटर माझी! परवा मिसळ खायला गेलो. लालभडक तर्री, वर शेव, वाफा निघताहेत. मी पाव मोडला तोच मामांनी मनगट धरलं.

"थांब. दहा मिनिटं नुसतं बघायचं."

"मामा, शेव मऊ पडतेय!"

"पडू दे. आपण नाही पडायचं."

मिसळीत माशी पडलीये का, हे विचारायला वेटर तीनदा येऊन गेला. माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाने गार मिसळ खावी तरी किती वेळा? पाळकसाहेबसुद्धा एकदा कळवळून म्हणाले, "साळवे, संयमातही थोडा संयम ठेवा हो."

"प्रयत्न करतोय, साहेब."

मी खरंच थकलोय. काल ठरवलंच होतं, मामांना घरी सोडायचं आणि हात जोडून सांगायचं, आता दुसरा स्कूटरवाला बघा.

घरात मामी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्यापाशी थांबलेली शेजारीण आम्हाला बघून निघून गेली. मामींना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. जुनं तेवढं आठवतं, आणि जुनं म्हणजे मामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते ते दिवस. तेव्हाचा त्यांचा राग साऱ्या कॉलनीला ठाऊक होता. भाजीत मीठ कमी पडलं की ताट थेट अंगणात.

मामी मामांनाच म्हणाल्या, "अहो भाऊ, हे आले का ड्युटीवरून?"

"येतील एवढ्यात."

"स्वयंपाक राहिलाय हो. ताट फेकतील."

"नाही फेकणार."

दोन मिनिटं गेली. "अहो भाऊ, हे आले का?" पुन्हा तीच उत्तरं. मग पुन्हा. सहाव्या वेळेला मीच खुर्चीत चुळबुळायला लागलो. मामांचा आवाज मात्र पहिल्या वेळेला होता तितकाच मऊ. मनातलं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

मामींची बोटं पदराशी चाळा करत होती. "तुम्हाला नाही माहीत, भाऊ. फार तापट आहेत."

मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "होते. मला माहितीये. आता सुधारताहेत."

मामी पुढे झुकल्या.

"तुमचं ऐकतात ते?"

"अलीकडे थोडं ऐकायला लागलेत."