तीन नंबरची बाटली

"उमाजी, तीन नंबर!" डॉक्टर प्रतापराव ओरडले की हैदराबादच्या हिमायतनगरातल्या त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर उमाजी पडद्याआड बाटली भरायला घेई. पोटात जळजळ म्हणजे तीन नंबर, किंमत सहा आणे. वीस वर्षांत डॉक्टरांनी त्याची चिठ्ठी म्हणून कधी लिहिली नव्हती. "माझ्या पेशंटला केमिस्टची पायरी चढावी लागत नाही," असं ते छाती फुगवून सांगत, आणि पडद्याआड उमाजीची छाती त्यांच्याहून दोन बोटं जास्तच फुगे.

पण छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी ठरली आणि कचेऱ्यांतली मराठी माणसं मुंबईच्या वाटेला लागली. महसूल खात्यातला मधुकर सगळ्यांत आधी येऊन उभा राहिला.

"डॉक्टरसाब, मुंबईत तुमचं तीन नंबर कुठं मिळणार? लिहून तरी द्या."

"त्यात काय! मुंबईचा केमिस्टही म्हणेल, हैदराबादेत कुणीतरी डॉक्टर आहे बुवा!"

डॉक्टरांनी ऐटीत चिठ्ठी लिहिली. इकडे उमाजी पडद्याआडून घाईनं बाहेर आला. सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण साहेबांचा तो रुबाब बघून पुन्हा मिटलं.

मधुकरनं ती चिठ्ठी कचेरीभर मिरवली. मग काय विचारता! चार दिवसांत सव्वीस चिठ्ठ्या गेल्या. हात दुखतो, हात दुखतो म्हणत डॉक्टर नुसते खूश.

पाचव्या दिवशी मधुकर परत आला. मागे अर्धी कचेरी, आणि प्रत्येकाच्या हातात केमिस्टची चकचकीत बाटली.

"मुंबईला जाऊन फजिती नक्को म्हणून इथंच करून घेतलं, डॉक्टरसाब. साडेचार रुपये! आत विलायती अर्क आहे म्हणे. आणि जळजळ? जशीच्या तशी!"

"केमिस्ट चोर आहे!"

"तीन केमिस्ट झाले. तिघंही म्हणतात, चिठ्ठीबरहुकूम दिलं."

मागून म्हातारे अप्पाराव कण्हत म्हणाले, "जाता जाता आम्हाला खोटी चिठ्ठी दिली काय हो, डॉक्टर?"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. वीस वर्षांचं नाव मातीत चाललं होतं. त्यांनी पडदा सर्रकन ओढला.

"उमाजी, तू त्या बाटलीत घालतोस तरी काय?"

झालं! आज नोकरी गेली, हे उमाजीनं ओळखलं.

"साहेब, बेचाळीस साली लढाईत जहाजं बंद झाली. विलायती अर्क मिळेना, मिळाला तर सोन्याच्या भावानं. तुम्ही तर सगळ्यांना सांगून बसलेले, सहा आण्यांवर जाणार नाही. मग मी ओव्याचा अर्क काढला. त्यात सुंठ, खायचा सोडा. पेशंट म्हणाले, पहिल्यापेक्षा जास्त गुण आहे. म्हणून मग बदललंच नाही."

"चौदा वर्षं! मला न विचारता! आणि एवढा ओवा आणलास कुठून?"

उत्तर आतल्या दारातून आलं. डॉक्टरांच्या पत्नी सुशीलाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"माझ्याकडून. महिन्याला दोन शेर. बिचारा तुमचा शब्द राखायला धडपडत होता, मी काय नाही म्हणू? आणि ओरडता कशाला? रोज जेवल्यावर तुम्हीही तेच पिता. कधी तक्रार केलीत?"

सगळी कचेरी खो खो हसली. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यांनी मधुकरच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि टराटरा फाडली. उमाजीनं जायला म्हणून खुंटीवरची टोपी काढली.

"टोपी ठेवा. बसा."

वीस वर्षं ज्याला 'तू' म्हटलं, त्याला डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. आपण कंपाउंडरच्या स्टुलावर बसले आणि कोरे कागद मांडीवर घेतले.

"सांगा, उमाजीराव. सव्वीस चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्यात."

उमाजी खुर्चीत नीट टेकून बसला आणि खाकरला.

"आधी पाणी उकळून गार करायचं. लिहिलंत? वाचून दाखवा बरं."