फळ्यावरचं शून्य

पाहुण्या बाईंची गाडी मैदानाच्या दारात थांबली, आणि वेंडेल हर्त्झने बाईंच्या आधी नंबरप्लेट बघितली. टेनेसीची. टेनेसी म्हणजे नॅशव्हिल, आणि नॅशव्हिल म्हणजे आपल्या लुईव्हिलच्या तोंडचा घास पळवायला टपलेलं गाव.

"लॉर्ना," तो बायकोच्या कानाशी लागला, "ही बाई त्यांची माणूस आहे."

"भाड्याची गाडी असेल रे. विमानतळावर मिळाली ती घेतली असेल."

"इतक्या गाड्यांत हिला नेमकी टेनेसीचीच मिळते?"

पोस्टमन वेळेवर आला तरी हा माणूस पाकीट उजेडात धरून बघतो, हे लॉर्ना लग्नापासून पाहत आली होती.

पण या खेपेला मामला खरंच नाजूक होता. बेसबॉलची थोरली लीग नव्या टीम काढणार होती आणि त्यासाठी गावागावांत रस्सीखेच चालली होती. टीम विकत घेऊ पाहणाऱ्या न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांनी गावं पारखायला ॲबिगेल प्रुइट नावाच्या हिशेबतपासनीस बाईंना पाठवलं होतं. बाईंनी जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता, आणि म्हणूनच त्यांना निवडलं होतं. खेळाचं वेड असलेला माणूस कुठल्याही गावाला हो म्हणून मोकळा झाला असता.

लुईव्हिलची बाजू मांडायचं काम वेंडेलकडे आलं होतं. देशभरच्या बॅटी आपल्या गावात घडतात आणि त्या हातात धरणारी थोरली टीम मात्र आपल्याला नाही, हे दुःख तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकवायचा. त्याचा बाप हीच हळहळ घेऊन गेला होता. आपल्या डोळ्यांदेखत तरी टीम यावी, एवढंच वेंडेलचं मागणं होतं.

"मॅडम," त्याने हात पुढे केला, "काय वाटेल ते विचारा. आमच्या गावात लपवाछपवी नाही."

हे वाक्य त्याला फार महागात पडणार होतं.

सामना धाकट्या लीगचा होता, तरी मैदान भरलं होतं. सुरुवात झकास झाली. बाईंनी गाड्या लावायची जागा विचारली, दारं विचारली, पाऊस आला तर काय करता ते विचारलं. वेंडेलने सगळ्याची उत्तरं दिली. बाईंनी मोहरीची चटणी लावलेला हॉट डॉग खाल्ला आणि आपण होऊन दुसरा मागवला. वेंडेलला वाटलं, जमतंय.

सहावी इनिंग संपली आणि लॉर्नाचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. तिने नुसत्या भुवईने फळा दाखवला. पाहुण्या टीमच्या नावापुढे, हिटच्या 'H' खाली शून्य होतं.

गावच्या टीमकडून टब्ज नावाचा पोरगेला पिचर चेंडू टाकत होता, आणि त्याने समोरच्या एकालाही एकही हिट मारू दिली नव्हती; म्हणजे चेंडू टोलवून कोणी सुखरूप पहिला टप्पा गाठला नव्हता. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत हे असंच राहिलं, तर माणसाचं नाव त्याची नातवंडंसुद्धा सांगतात. पण तोवर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पिचरशी बोलायचं नाही, बसल्या जागेवरून हलायचं नाही. हललात, बोललात, की नाट लागलीच. शहाण्या माणसांना हे पटत नाही. मैदानात शहाणी माणसं नव्हती. एक होती, ती वेंडेलच्या शेजारी बसली होती.

"तो मुलगा एकटाच का बसलाय?" प्रुइटबाईंनी विचारलं. टब्ज बाकाच्या एका टोकाला होता आणि बाकीची टीम दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने बसली होती.

"तो होय? तो... बसतो तसा."

"टीममध्ये भांडणं आहेत का?"

"छे, सगळ्यांचा लाडका आहे तो."

"मग लाडक्याशी कोणी बोलत कसं नाही?"

"बोलतील की. नंतर."

बाईंनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. "बरं, फळ्यावर पाहुण्यांच्या नावापुढे धावांच्या शून्यानंतर ते दुसरं शून्य आहे, ते कशाचं?"

वेंडेलने शेंगदाण्यांची पुडी त्यांच्यापुढे धरली. "फळा जुना आहे, मॅडम."

"म्हणजे बिघडलाय?"

"नाही, नाही."

"मग आकडा खोटा आहे?"

"आकडा अगदी खरा आहे."

"कशाचा आकडा?"

वेंडेलने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. टेनेसीची गाडी, आणि बरोबर याच शून्यावर बोट. बाईला सगळं ठाऊक आहे, तिला ते फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, अशी त्याची खात्री झाली. "आजची हवा मात्र छान आहे," तो म्हणाला.

आठव्या इनिंगला बाई उठू लागल्या. वेंडेलने त्यांची पर्स धरली.

"मॅडम, आत्ता उठू नका."

"मला स्वच्छतागृहात जायचंय."

"मलाही केव्हाचं जायचंय," लॉर्ना दात आवळून म्हणाली. "बसा गुपचूप."

"मला इथे डांबून ठेवलंय का?"

"थोडाच वेळ," वेंडेल म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

मागच्या रांगेत फादर कुंकेल बसले होते. धर्मगुरू तरी खोटं बोलणार नाही, म्हणून बाई मागे वळल्या. "फादर, त्या शून्याचा अर्थ तुम्ही तरी सांगाल?"

फादरनी आकाशाकडे पाहिलं. "पोरी, काही प्रश्नांची उत्तरं नवव्या इनिंगच्या आधी देवसुद्धा देत नाही."

आता मात्र बाईंनी फोन काढला. "हो, लुईव्हिलमधूनच बोलतेय," त्या न्यूयॉर्कला सांगू लागल्या. "काहीतरी मोठी भानगड आहे. खेळाडू एकमेकांशी बोलत नाहीत, फळ्यावरच्या आकड्याचं कोणी नाव काढत नाही, पाद्रीही त्यात सामील आहे. मला उठू देत नाहीयेत." फोन ठेवून त्या वेंडेलकडे वळल्या. "आयुष्यभर हिशेब तपासलेत मी. सगळे मिळून एकच गोष्ट लपवतात, तिथेच भोक असतं. शेवटचं विचारते. ते शून्य कशाचं? सांगितलं नाहीत, तर तुमचं गाव आत्ता यादीतून बाद."

नववी इनिंग. दोन गडी बाद, तिसरा आणि शेवटचा उभा. वेंडेलला बाप आठवला. एक शब्द टाकला की झालं असतं. बाई निवळल्या असत्या, कदाचित टीमही आली असती. खाली टब्जने कपाळाचा घाम बाहीने पुसला.

"करा बाद," वेंडेल म्हणाला. त्याला रडू येत होतं.

टब्जने चेंडू टाकला. फलंदाजाने तो उंच उडवला, इतका लांब की सगळं मैदान श्वास रोखून बसलं. क्षेत्ररक्षक उलट्या पावली धावत भिंतीपाशी गेला, आपटला, खाली बसला, आणि त्याने हात वर केला. चेंडू हातात होता.

मग जो गलका झाला, तो नॅशव्हिललाही ऐकू गेला असावा. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. निम्मं गाव नाचत होतं, उरलेलं निम्मं स्वच्छतागृहाकडे पळत होतं, आणि त्यात लॉर्ना सगळ्यात पुढे होती.

"नो-हिटर!" वेंडेल ओरडला आणि तासाभराचं साठलेलं एका दमात बोलून मोकळा झाला. शून्य, बाक, नाट, पर्स, सगळं. बाई ऐकत राहिल्या.

"म्हणजे एवढी हजारो माणसं," त्या सावकाश म्हणाल्या, "एका मुलासाठी तोंड मिटून बसली होती?"

"हो."

"आणि गाव बाद होतंय हे कळूनही तुम्ही बोलला नाहीत?"

"टीम काय, आज ना उद्या येईल. त्या पोराला ही संध्याकाळ पुन्हा कुठून मिळणार?" मग त्याला राहवेना. "एक विचारू? गाडी टेनेसीची का?"

"विमानतळावर तेवढी एकच उरली होती."

वेंडेल ओशाळला. बाईंनी पुन्हा फोन लावला होता. त्या हळू आवाजात बरंच काही बोलल्या, दोनदा हसल्या. फोन ठेवल्यावर वेंडेलने भीत भीत विचारलं, "मग मॅडम, आमच्या टीमचं काय?"

प्रुइटबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पर्स उचलली, उरलेले शेंगदाणे घेतले, रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या आणि समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघू लागल्या.

"झालं," वेंडेल परत आलेल्या लॉर्नाला म्हणाला. "बघ, माझ्याशी बोलायलासुद्धा तयार नाही बाई. मी तुला पहिल्यापासून सांगत होतो, ही नॅशव्हिल..."

लॉर्नाने बाईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती बाईंच्या शेजारी जाऊन बसली. मागून फादर कुंकेल उठले. त्यांनी वेंडेलच्या खांद्यावर थोपटण्यासाठी हात उचलला, मध्येच मागे घेतला, आणि तेही रांगेच्या त्याच टोकाला गेले.

वेंडेल आपल्या टोकाला, टब्जसारखा, एकटा उरला. काय झालं ते त्याला जरा वेळाने समजलं. काही तरी बोलायला उघडलेलं तोंड त्याने घट्ट मिटून घेतलं आणि तो जागचा हलला नाही.