भिंतीपलीकडचा दांडा

मशीनचे चारी बोल्ट काँक्रीटमध्ये पक्के बसले, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि मग युवराजला दिसलं की मशीनचं डोकं भिंतीपासून जेमतेम वीतभर लांब आहे.

लेथच्या, म्हणजे लोखंडी दांडा फिरवून कातायच्या मशीनच्या, डोक्याला आरपार भोक असतं. लांब दांड्याच्या टोकावर काम करायचं तर उरलेला दांडा त्या भोकातून मागं बाहेर काढावा लागतो. मागं भिंत असली तर तो काय हवेत विरघळणार? हे आयटीआय झालेल्या, बारामतीच्या एमआयडीसीत कैक वर्षं घासलेल्या माणसाला आधी कळायला नको? पण मोबाईलवरच्या वास्तुवाल्यानं सांगितलं, 'जड वस्तू नैऋत्येला, काम करताना तोंड उत्तरेला.' युवराजनं होकायंत्र धरून मशीन बसवलं. दिशा एकदम बरोबर होती. बाकी सगळं चुकलं होतं.

मशीन मात्र झकास. खाली लेथ, वर खाचा पाडायचं मिलिंग, एकातच दोन. एका बंद कारखान्यातून उचललेलं. त्याच्यासाठी युवराजनं नोकरी सोडली होती आणि लासुर्ण्यात सगळे त्याच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसे बघत होते. पहिलं काम बिघडलं तर दुसरं घेऊन कुणी येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं पहिलं काम यावं असंही वाटायचं आणि येऊ नये असंही वाटायचं.

ते आलं अंथुर्ण्याच्या दादासोंच्या मोटारसायकलवरून. वैरण कापायच्या कडबाकुट्टीचा मोडका दांडा एका हातात, नवाकोरा गज दुसऱ्या हातात.

"असाच्या आसा करून दे," दादासो म्हणाले. "इंदापूरचा टर्नर लग्नाला गेलाय. गोठ्यात गाई उपाशी हायत. वैरणीची काडी न्हाय गव्हाणीत. संध्याकाळच्या आत पायजे."

युवराजनं गज उभा धरला. जवळजवळ त्याच्या खांद्याला लागत होता. मग त्यानं भिंतीकडं पाहिलं.

"काय झालं?" दादासोंनी विचारलं.

"काय न्हाय. भिंतीला भोक पाडाया लागंल."

"मग पाड की. तुझीच भिंत हाय."

हितंच तर घोडं पेंड खात होतं. भिंत सामाईक होती. पलीकडं थोरला भाऊ सोपान राहायचा. वाटणीची भिंत बांधताना युवराजनं ती चार बोटं सोपानच्या बाजूला सरकवली असं सोपानचं म्हणणं, आणि भिंत बांधल्यापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

दादासोंना असल्या भानगडींची सवय होती. त्यांनी युवराजला दंडाला धरून सोपानच्या अंगणात नेलं. सोपान समोर, युवराज समोर, मधे हातभर जागा. तरी दोघं दादासोंकडं बघून बोलायला लागले.

"दादासो, त्याला सांगा, चार बोटं तर आधीच खाल्ली. आता भोक बी पाडतोय व्हय?"

"दादासो, त्याला सांगा, भिंत गवंड्यानं बांधली. मी न्हाय."

"त्याला सांगा, गवंड्याला चहा कोण पाजत हुतं?"

दादासोंनी कुणालाच काही सांगितलं नाही. फोन काढला, घरी लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून गाईंचा हंबरडा आला. असा आला की सोपानच्या दारातली शेळीसुद्धा उठून उभी राहिली.

"ऐका," दादासो म्हणाले. "अजून कुणाला काय सांगायचंय?"

सोपाननं मान खाली घातली. "त्याला सांगा, एकच भोक. दांड्यापुरतं. काम झालं की बुजवायचं. आन् हळू फिरवायचं, घरात मानसं हायत."

भोक कुठं पाडायचं हा पुढचा प्रश्न. पलीकडं सोपानचं स्वयंपाकघर. युवराज भिंतीवर टकटक करत उभा राहिला, तेवढ्यात बायको वैष्णवी म्हणाली, "त्या उंचीला पाडा बिनघोर. मांडणीच्या उजव्या अंगाला मोकळी जागा हाय तितं."

"तुला काय ठाव?"

"खिडकीतनं दिसतं."

त्या भिंतीला खिडकी नव्हती. पण युवराजच्या डोक्यात तेव्हा फक्त गाई होत्या.

भोक पडलं. मोटर रिवाइंडिंगवाला इरफान, युवराजचा दोस्त, ड्रिल घेऊन आला होता. सिमेंटनं पांढराफटक झाला आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायला लागला. गज मशीनच्या डोक्यातून मागं सरकला, भिंतीतून गेला, आणि पलीकडं सोपानच्या स्वयंपाकघरात हातभर निघाला. वैष्णवी बघून आली. "कुणाला लागत न्हाय," म्हणाली.

आधी वरच्या मिलिंगनं, चाक अडकवायची चावी बसते ती खाच पाडली. लोण्यासारखी निघाली. मग टोकाचा व्यास उतरवला. तोही झकास. दादासो रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून बघत होते. "जमतंय की तुला," ते म्हणाले, आणि युवराजला पहिल्यांदा हायसं वाटलं. आता राहिले फक्त नटाचे आटे. त्याला मशीन सगळ्यांत हळू फिरवायचं. युवराज टूल बदलून, धार लावून आला आणि बटण दाबलं.

मशीन फिरलं. पण आवाज वेगळा आला. खर्रर्र, खर्रर्र, जसं आतमध्ये कुणी दगड चावतंय.

"बेअरिंग," इरफान म्हणाला.

"आत्ता तर बरं हुतं!"

"बेअरिंग सांगून जातंय व्हय?"

युवराजनं मशीन थांबवलं. ग्रीस भरलं. परत चालू केलं. खर्रर्र. आता तर मशीन कण्हायलाही लागलं होतं. पट्टा घसरायला लागला आणि जळक्या रबराचा वास सुटला. युवराजनं पट्टा ताणला. मशीन दोन मिनिटं फिरलं आणि परत मेल्यासारखं झालं. टूलचं टोक कट्कन मोडलं.

"लेव्हल गेली आसल," इरफान म्हणाला.

युवराजनं लेव्हल लावली. बुडबुडा बरोबर मधोमध. उलट त्याचाच राग आला.

"व्होल्टेज?"

मीटर लावला. व्होल्टेजही बरोबर.

"मग मशीनच खराब हाय," इरफान एकदाचं बोलला. "कारखाना उगं बंद पडला न्हाय त्यो."

युवराज मनात मोजायला लागला. नोकरी गेली, पैसा गेला, भिंतीला भोक पडलं, आणि मशीन भंगार. उद्या अंथुर्ण्यापासून वरकुट्यापर्यंत सगळे म्हणणार, युवराजनं दादासोंच्या गाई मारल्या.  दादासो तर दर थोड्या वेळानं फोन लावायचे आणि स्पीकरवर गाई ऐकवायचे.

"अडतंय कशाला? मोठी मोटर लाव," ते शेवटी म्हणाले.

"आत्ता कुठनं आणू मोठी मोटर?"

इरफाननं हळूच आतल्या खोलीकडं पाहिलं. युवराजनंही पाहिलं. आत वैष्णवीची घरघंटी होती. गल्लीतली दळणं तिच्याकडं यायची. घरघंटीची मोटर मशीनच्या मोटरच्या दुप्पट ताकदीची.

"हात लावायचा न्हाय," वैष्णवी दारातच उभी राहिली. "माझी दळणं पडल्यात."

"आगं इज्जतीचा प्रश्न हाय!"

"इज्जत तुमची, मोटर माझी."

"तासाभरात परत बसवतो. गाई उपाशी हायत वैष्णवी!"

वैष्णवीनं तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होती. मग भिंतीकडं बघितलं, तोंड मिटलं, आणि बाजूला झाली. हे काही तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. एरवी वाटीभर साखरेसाठी भांडणारी बाई. पण युवराजला इतकं बघायला वेळ कुठं होता?

मोटर बदलली. इरफाननं वायरी जोडल्या. युवराजनं कपाळाचा घाम पुसला, डोळे मिटले, बटण दाबलं. मशीन असं फिरलं, असं फिरलं, की दादासो डब्यावरून उठले.

"ह्याला म्हणत्यात ताकद!"

आणि मग परत खर्रर्र. आधीपेक्षा जड. आता मशीनच काय, भिंतसुद्धा थरथरायला लागली. मोटर मिनिटागणिक जास्त कण्हत होती, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखी. मग तिच्यातून निळसर धुराची एक बारीक रेघ निघाली.

युवराज बटणाकडं झेपावला. पण त्याच्याआधी वैष्णवी झेपावली, आणि बटणाकडं नाही, भिंतीकडं. भोकाला तोंड लावून ओरडली, "वैनी! सोडा त्यो पाईप! माझी मोटर जळतीया!"

भोकातून इंदिरा वहिनींचा आवाज आला, "आगं आत्ताच घट्ट व्हायला लागलंय! पाचच मिंटं!"

युवराजनं मशीन बंद केलं. भिंतीकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. मग चप्पल न घालता बाहेर पडला आणि भिंत झाल्यापासून पहिल्यांदा सोपानच्या घरात घुसला. मागं इरफान, दादासो, वैष्णवी.

स्वयंपाकघरात स्टूल. स्टुलावर आईस्क्रीमचा लाकडी पॉट, बर्फ आणि खडेमिठानं काठोकाठ भरलेला. पॉटचं हँडल काढलेलं. हँडलच्या जागी फवारणीच्या पंपाची नळी, आणि नळीचं दुसरं टोक युवराजच्या दांड्याला दोन पट्ट्यांनी आवळून बसवलेलं. आणि पॉट हलू नये म्हणून त्याला कवळा घालून उभा असलेला सोपान. शर्ट पुढून ओलाचिंब, दात वाजत होते.

"इंदे," तो म्हणाला, "त्याला इचार, न इचारता आत कसा आला."

"वैनी, त्याला इचारा, न इचारता माझ्या दांड्याला पॉट कसा लावला!"

"त्याला सांग, दांडा त्याचा आसंल. पर हितं हद्द माझी हाय."

"आवो, आमच्या अथर्वचा वाढदिवस हाय आज," इंदिरा वहिनी मधे पडल्या. "पोरं यायचीत. ह्यांचा खांदा धरलाय, हँडल फिरवाया कोण हाय घरात? मी आन् वैष्णवी म्हणलो, दांडा नुस्ता फिरतोयच की. फुकटचं फिरणं वाया कशाला घालवायचं?"

"फुकटचं?" वैष्णवी म्हणाली. "माझी मोटर गेली आसती वैनी."

"तू गप," युवराज म्हणाला. "खिडकीतनं दिसतं म्हणं!"

तो आणखी बरंच बोलणार होता. पण बोलता बोलता त्याला कळलं की बेअरिंग चांगलं आहे. पट्टा चांगला आहे, लेव्हल चांगली आहे, मशीन एकदम ठणठणीत आहे. ते बिचारं इतका वेळ आटे आणि आईस्क्रीम दोन्ही करत होतं. युवराजला राग काढावा की पेढे वाटावेत कळेना. रागच काढला, तो जवळ होता.

"दादासो, तुमीच सांगा आता! तिकडं तुमच्या गाई उपाशी मरत्यात, आन् ह्यांना आईस्क्रीम सुचतंय!"

दादासो पॉटात बघत होते. इंदिरा वहिनींनी झाकण जरा उचललं, चमचाभर वाटीत घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. दादासोंनी खाल्लं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सीताफळ?"

"व्हय."

"अजून पातळ हाय." त्यांनी वाटी चाटून ठेवली. "युवराज, मशीन लाव."

"आन् गाई?"

"सकाळची थोडी वैरण हाय गव्हाणीत."

"तुमी म्हणला काडी न्हाय!"

"काड्याच हायत. पर आसं बघ, आईस्क्रीम इरघळंल. गाय काय इरघळत न्हाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता. दादासोंनी तो कट केला आणि स्टुलाशेजारी मांडी घालून बसले.

मग काय, युवराज परत आपल्या बाजूला आला. टूल मागं घेतलं. मोटर गार होईपर्यंत इरफाननं तिला पुठ्ठ्यानं वारा घातला. आणि ज्या मशीनसाठी नोकरी सोडली ते मशीन सोपानच्या घरातलं आईस्क्रीम फिरवायला लागलं. भिंतीतून हुकूम यायला लागले. "दादासो, त्याला सांगा, जरा हळू." "दादासो, त्याला सांगा, झटका देऊ नको, झाकण उडतंय." दादासो काहीच सांगत नव्हते, त्यांचं तोंड भरलेलं होतं. पण युवराजला सगळं ऐकू येत होतं आणि तो मुकाट्यानं गिअर बदलत होता.

आईस्क्रीम घट्ट झालं, नळीच्या पट्ट्या सुटल्या आणि मग आटे एका दमात पडले. चकचकीत. नट बोटानं फिरवला तर शेवटपर्यंत गेला. दादासोंनी तो तीनदा काढून बसवून बघितला, आणि जाताना दांडा मोटारसायकलला बांधला तो नवरीच्या साडीत गुंडाळावा तसा, स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून.

दिवेलागणीला सोपानकडं पोरांचा गोंगाट सुरू झाला. घरघंटीला मोटर परत बसली होती आणि वैष्णवी दळत होती, नवऱ्याकडं न बघता. युवराजनं घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं. शब्द म्हणजे शब्द. काम झालं, भोक बुजवायचं. त्यानं थापीवर सिमेंट घेतलं आणि भोकाजवळ नेलं.

भोकात पलीकडून एक डोळा होता.

युवराज दचकला. डोळा हलला नाही. मग डोळ्याच्या जागी सोपानचं तोंड आलं. सोपानच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. पोरं बाहेर, इंदिरा वहिनी बाहेर, 'त्याला सांग' म्हणायला कुणी नव्हतं. सोपाननं घसा खाकरला.

"बुजवायचं तर बुजव," तो म्हणाला. "पर तुझ्याकडचं अर्धंच. आमच्या बाजूचं अर्धं भोक आमचं हाय."

युवराज थापी धरून उभा राहिला. अर्धं भोक कसं बुजवतात, हे त्याला आयटीआयमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.