महादजीची दुसरी गल्ली

कचऱ्याचा ढीग कोणाचा आहे, हे कळल्याशिवाय महादजी त्याला हात लावत नसे. बंडी दारासमोर उभी करायची, खाली उतरायचं, कमरेवर हात ठेवून ढिगाकडे नीट पाहायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "कोनाचं हाय हे?"

आता ढीग आमच्या दारात, आमच्या भिंतीला टेकलेला, वर आमचाच मोडका पाट. तो आणखी कोणाचा असणार? पण घरातल्या माणसानं बाहेर येऊन, ढिगाला हात लावून "आमचं हाय" असं म्हटल्याशिवाय महादजीचं घमेलं हलायचं नाही. घरात कोणी नसेल तर तो बंडीच्या चाकाला पाठ लावून बसून राही. मागची माणसं ओरडू लागली की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "येईन नं बाप्पा कोनीतरी. घाई काहून?"

हे "घाई काहून" अख्ख्या अमरावतीत फक्त त्यालाच शोभत होतं, कारण बाकी सगळ्यांना तेव्हा भयंकर घाई होती. दूर कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती आणि तिथला कापूस बाजारात येईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसावर सगळं जग तुटून पडलं होतं. ज्याच्याकडे बैल होते तो गाडीवान झाला, ज्याच्याकडे नव्हते त्यानं घेतले. माझं दोरखंडांचं दुकान होतं. गाठी बांधायला दोर विकता विकता माझे हात सोलवटून निघत. गल्लीतल्या लोकांनी गवताची छपरं काढून भाजक्या मातीचे कवेलू चढवले आणि आपण शहाणे झालो असं समजून ते रस्त्यानं मान वर करून चालू लागले.

या धांदलीत महादजीच्या बंडीला मात्र कोणी विचारत नव्हतं, कारण ती हल्याची बंडी होती. हल्या म्हणजे रेडा. त्याचं नाव सुभेदार. सुभेदार अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब, पण पाणी दिसलं की बसायचा. एकदा गाडी मिळेना म्हणून एका व्यापाऱ्यानं नाइलाजानं कापूस त्याच्या बंडीत भरला. वाटेत नाला आला. सुभेदार नाल्यात उतरला, थांबला, आणि बंडी, कापूस, व्यापारी या सगळ्यांसकट शांतपणे खाली बसला. व्यापारी पाण्यात उभा राहून थयथयाट करत होता आणि महादजी त्याला समजावत होता, "हल्या हाय शेटजी. बसला. उठन थोड्या वेळानं. घाई काहून?" त्यानंतर महादजी भाजीवाल्यांसाठी मळ्यात खत ओढू लागला, आणि सुभेदार जिथे बसेल तिथे बसू लागला.

मग वैशाखात ते वादळ आलं.

संध्याकाळी आभाळ काळं झालं आणि वाऱ्यानं असा हिसका दिला की नवे कोरे कवेलू पाखरांसारखे उडाले. सोपानच्या दारातला निंब अर्धा मोडून गंगाबाईच्या अंगणात पडला. आमच्या ओसरीचं छप्पर आत कोसळलं. मागचा कूड, म्हणजे कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या विणून वर माती लिंपलेली भिंत, आडवा झाला. माणसं वाचली, हीच देवाची कृपा. सकाळी पाहतो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही.

पाटलांनी दवंडी पिटवली की ज्यानं त्यानं आपल्या घरची पडझड दारात आणून ठेवावी, बंडी येऊन घेऊन जाईल. दवंडी चांगलीच होती, पण बंडी कुठून आणायची? सगळे बैल कापसाला जुंपलेले, आणि पाऊस यायच्या आत कापूस पोचला पाहिजे म्हणून गाडीवान घरी जेवायलाही थांबत नव्हते. शेवटी पाटलांना सुभेदार आठवला.

महादजी आला आणि आमचे हाल सुरू झाले. त्याचा दुसरा नियम असा, की एका घरची पडझड दुसऱ्या घरच्या पडझडीत मिसळायची नाही. एका खेपेला एकच घर. गल्लीच्या टोकाच्या नर्मदाबाईच्या घरचे फक्त दोन-चार कवेलू फुटले होते. तेवढे कवेलू बंडीत मधोमध ठेवून महादजी परकोटाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खदानीपर्यंत गेला आणि रिकामी बंडी घेऊन परत आला. सुभेदारही असा चालत होता, जणू राजाचा खजिना ओढतो आहे.

मोडलेल्या निंबावरून तर अर्धा दिवस गेला. महादजीनं विचारलं, "कोनाचं हाय हे?"

गंगाबाई म्हणाली, "झाड सोपानचं. माया काय संबंध?"

सोपान म्हणाला, "झाड मायं होतं तवा होतं. आता तुह्या आंगनात हाय, तं तुयं."

"माया आंगनात काय मी बोलावलं होतं त्याले?"

दोघंही हात लावेनात. महादजी चाकाला टेकून बसला. दोघं भांडून दमल्यावर म्हणाला, "दोघायचं लिहा मनात, अन् दोघंबी हात लावा. मी दोन घराच्या मधात टाकतो." दोन घरांच्या मध्ये म्हणजे कुठे, हे कोणालाच कळलं नाही. पण कटकट मिटली म्हणून दोघांनी हात लावला.

मला मात्र धीर निघत नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचं, यमुनाचं लग्न तोंडावर आलं होतं. स्थळ अकोल्याचं, माणसं चांगली, पण मुलाचे मामा फार कडक. देवाधर्मात तसूभर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे. मांडव टाकायचा तर अंगण मोकळं हवं, आणि अंगणात छपराचा डोंगर. मी महादजीला म्हटलं, "भौ, आमचं आधी घ्या. सगळ्यायचं एकदमच भरा नं."

"तुमचा नंबर आला की घेतो. घाई काहून?"

"लग्न हाय घरात!"

"तं लगन पळून जाऊन राहिलं का?"

शेवटी आमचा नंबर आला. मी स्वतः फावड्यानं ओसरीतला चिखल, खापर, काड्या, सगळं ओढून बंडीत भरलं. ओसरी धुऊन काढली. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हळद दळायची होती आणि दुपारपर्यंत अकोल्याची माणसं यायची होती. पहिली हळद कुळदेवाला लागते. आमचे कुळदेव म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले तीन टाक, तळहातावर तिन्ही मावतील एवढे. मी देवळीत हात घातला तर देवळी रिकामी.

"माय, देव कुठी हायेत?"

माय पोळ्यांच्या घाईत होती. "पान्यात."

"पान्यात?"

"वादळ सुटलं तवा पान्यात घातले मी. म्हनलं, वारा थांबल्याबिगर काढत नाई तुमाले भाईर."

आमच्याकडे मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवतात, संकट टळेपर्यंत. त्यात मायचं काही चुकलं नव्हतं. मी विचारलं, "मंग पानी कुठी हाय?"

माय थांबली. वारा कधीच पडला होता, पण लग्नाच्या धांदलीत देव पाण्यातून काढायचे राहूनच गेले होते. तांब्यापितळेची सगळी भांडी लग्नासाठी कल्हईला दिलेली होती, म्हणून तिनं देव मातीच्या मडक्यात घातले होते. मडकं ओसरीत ठेवलं होतं. ओसरीचं छप्पर मडक्यावर पडलं होतं. आणि ओसरीतलं सगळं मी फावड्यानं ओढून महादजीच्या बंडीत भरलं होतं.

मायच्या हातातलं लाटणं खाली पडलं. "बाप्पा! देव कचऱ्यात गेले!"

यमुना दाराशी उभी होती. ती रडली नाही, फक्त भिंतीला टेकून खाली बसली. ज्या घरातून कुळदेव कचऱ्याच्या बंडीत बसून निघून गेले, त्या घरची मुलगी अकोल्याचे मामा करतील का? आम्हा तिघांनाही उत्तर माहीत होतं. मामांना कळलं असतं तर ते मांडवातून उठून गेले असते आणि गल्ली जन्मभर यमुनाकडे बोट दाखवत राहिली असती.

मी आणि माय खदानीकडे अक्षरशः धावलो. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. सगळ्या पेठेची पडझड एका खड्ड्यात, त्याचा पहाड, आणि त्या पहाडात तळहाताएवढे तीन देव. माय चालता चालता देवाची माफी मागत होती आणि मध्येच त्याच्यावर रागावतही होती. "आवाज तं द्यायचा! फावडं लागलं तवा आवाज तं द्यायचा!"

खदानीच्या काठावर पोचलो आणि मी उभाच राहिलो.

खाली पहाड नव्हता. खाली आमची गल्ली होती. समोरासमोर दोन ओळी, मध्ये चालायला वाट, आणि घरांच्या जागी ढीग. प्रत्येक ढीग ज्याच्या त्याच्या जागी. कोपऱ्यावर पाटलांचा मोठा. मग गंगाबाईचा. मग गंगाबाई आणि सोपान यांच्या मध्ये निंबाची फांदी, कोणाच्याच हद्दीत नाही अशी. समोरच्या ओळीत शेवटी नर्मदाबाईचे दोन-चार कवेलू, नीट रचलेले. मी त्या वाटेनं चालत गेलो आणि सोपानच्या ढिगाला वळसा घालून सवयीनं डावीकडे वळलो, तर समोर आमचाच मोडका पाट. मला हसू फुटलं. माय म्हणाली, "हासतं काय? बस खाली!"

महादजी सुभेदाराला डबक्यात बसवून काठावर बसला होता. आम्हाला पाहून त्याला नवल वाटलं नाही. "ओसरीचं समोर हाय," त्यानं बसल्या जागेवरून सांगितलं. "कूड मांगं टाकला."

म्हणजे ढिगातही ओसरी पुढे आणि कूड मागे! आम्ही दोघं हातांनी चिखल चिवडू लागलो. आधी मडक्याचा काठ सापडला. मग बुडाचा खापराचा तुकडा, त्यात वाळलेला गाळ, आणि गाळात एक कोपरा चमकला. भवानी. तिच्या खालीच खंडोबा. तिसरा काही केल्या मिळेना.  मी पाट उचलला, तर त्याच्या खालच्या चिखलाला तिसरा टाक चिकटलेला, जसा काही पाटावर बसायला निघाला होता.

मायनं तिन्ही देव छातीशी धरले आणि ती हसायलाही लागली आणि रडायलाही लागली. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी तिथेच चिखलात फतकल मारली. महादजीनं बंडीला टांगलेला पाण्याचा तुंबा आणून दिला. मायनं देव धुतले, पदरात बांधले आणि म्हणाली, "महादजी, तुमी हे असं वायलं वायलं ठिवलं म्हनून वाचलो आमी."

"मांगं पेठेत आग लागली त्या साली सगळ्यायचं एका खड्ड्यात टाकलं होतं," महादजी म्हणाला. "मायीवाली बायको तवा नुकतीच गेली होती. तिची लाकडाची फनी होती, तेवढीच आठवन, ती बी त्यात गेली. लय दिवस चाळलं मी. कोनाचं काय, काई समजेच ना." मग सुभेदाराकडे पाहत म्हणाला, "एका घरचं दुसऱ्यात गेलं, तं मानूस कुठी शोधन?"

मायनं पदराची गाठ पुन्हा आवळली. पुढे लग्न झालं, मामांनी पहिली हळद कुळदेवाला लागलेली स्वतः पाहिली आणि पोटभर जेवले, पावसाच्या आधी गल्लीनं मिळून महादजीचं छप्परही उभं केलं. पण त्याला छप्पर नाही, हे आम्हाला कळलं ते त्या दिवशी खदानीतच.

झालं असं, की आम्ही निघालो तेव्हा मायला गल्लीच्या टोकाला, नर्मदाबाईच्याही पलीकडे, आणखी एक ढीग दिसला. तिथे तर गल्ली संपते. पुढे घर नाही.

मायनं विचारलं, "कोनाचं हाय हे?"

महादजीचाच प्रश्न तिनं महादजीला विचारला. तो उठून उभा राहिला, ढिगाजवळ गेला आणि त्यानं त्याला हात लावला. "मायं."

गवताचं छप्पर, कुडाच्या काड्या, चुलीचे तुकडे. मळ्याकडेची त्याची झोपडी त्याच वादळात गेली होती. इतके दिवस सगळ्या गल्लीची पडझड ओढून तो रात्री बंडीखाली निजत होता.

"सांगतलं काहून नाई?" माय जवळजवळ ओरडलीच.

"इचारलं कोन?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. सुभेदार बसला, एवढ्याच सहजपणे म्हणाला.

माय त्या ढिगापाशी खाली बसली आणि काड्या बाजूला करू लागली. "सांगा, काय हारपलं तुमचं?"

"काईच नाई हारपलं, वयनी. होतं काय हारपाले?"

"मंग पाहू का नको?"

महादजीनं खांद्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "पाहा तरी."

मायनं गवत उचललं. एक वाकलेली पळी निघाली. ती पुसून तिनं विचारलं, "हे ठिवता?" तो म्हणाला, "ठिवा." एक करवंटी निघाली. "हे?" "ठिवा." एक नुसता चुलीचा दगड. "हा?" "ठिवा." जे निघेल ते तो ठेवा म्हणत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या दारात आल्यासारखा अवघडून उभा होता.

ऊन डोक्यावर आलं. अकोल्याच्या गाड्या कधीही आल्या असत्या. मी खाकरलो. माय गुडघ्यावर हात टेकून उठू लागली आणि महादजी पटकन पुढे आला. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं चुलीचा दगड झटकला आणि तिच्यासमोर ठेवला.

"बसा नं वयनी," तो म्हणाला. "घाई काहून?"

माय बसली. मीही बसलो.