कोबीचा शेवटचा सूर

‘कोबी’ पहिलं आलं आणि फुमिएच्या कॉफीच्या दुकानात टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या फुमिएनेच वाजवल्या, कारण तिला ते गाणं अजिबात आवडत नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये अशी तिची इच्छा होती.

आमच्या मिनाहामा गावाने देशाला दोन गोष्टी दिल्या. एक सुकवलेली माकूळ मासळी आणि दुसरी गायिका उमेहारा सायो. सायोसानने विशीत म्हटलेली गाणी अजूनही दोन पेले पोटात गेलेला कुठलाही माणूस माइक हातात घेऊन म्हणतो. पण फुमिएच्या दुकानात महिन्यातून एकदा जमणारं मंडळ त्या गाण्यांना हिंग लावून विचारत नाही. पंचेचाळिशीत सायोसानने रेकॉर्ड कंपनी सोडली, स्वतः लिहायला आणि चाली लावायला सुरुवात केली, तिथून पुढची गाणी ती खरी गाणी, असं मंडळाचं ठाम मत. या गाण्यांचे चाहते देशभरातून गोळा केले तर एका बसमध्ये मावतील, आणि त्यातली अर्धी बस आमच्याच गावची.

या वर्षी सायोसानला साठ पूर्ण झाली. गावाने तिचा सन्मान करायचं ठरवलं. भूकंपाचा आणि लाटेचा इशारा द्यायला गावभर खांबांवर कर्णे आहेत. ते नीट चालतात ना, हे पाहायला रोज संध्याकाळी पाचला त्यांवर एक चाल वाजते. पोरांनी ती ऐकून घरी जायचं, मोठ्यांनी भाताकडे बघायचं. आता तिथे सायोसानची चाल वाजणार होती. जुनी गाणी कंपनीच्या मालकीची. नंतरची तिची स्वतःची, त्यांतलं कुठलंही खुशाल घ्या, असं तिने कळवलं. कुठलं घ्यायचं ते मंडळाने क्रमवारी लावून सांगावं, असं नगरपालिकेने ठरवलं.

फुमिएला क्रमवारीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच गाणं हवं होतं, ‘दीपगृहाला रविवार नसतो’. तिची आई तोमे हे दुकान चालवायची तेव्हा दोघी भांडी विसळताना ते म्हणायच्या. आई आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. माणसांची नावं विसरायची, पण ती चाल विसरली नव्हती. फुमिएने तिला सांगूनच टाकलं होतं, “आई, एक तारखेपासून रोज पाचला आपलं गाणं वाजणार बघ.” आईने दोनदा विचारलं होतं, “नक्की?” आणि फुमिए दोन्ही वेळा म्हणाली होती, “नक्की.”

पण मंडळाचे अध्यक्ष होते तोकुरा सर. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत संगीत शिकवलेलं. उत्तमात उत्तम गाणाऱ्या पोरालासुद्धा सर “बरं आहे” यापलीकडे काही म्हणाले नव्हते. तेच सर काही वर्षांपूर्वी ‘कोबी’ पहिल्यांदा ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हं. विचार करायला लावणारं गाणं आहे.” मंडळ हादरलंच. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला कुणी ना कुणी सरांच्या मानाखातर ‘कोबी’ लावायचं आणि बाकीचे डोळे मिटून ऐकायचे.

आपल्या वडीलपणाचं कुणावर दडपण नको, म्हणून सरांनी त्या दिवशी एक नियम केला. सगळ्यांत लहानाने आधी बोलायचं, मग त्याहून मोठ्याने, आणि सरांनी शेवटी.

“मिनोरी, तू लहान. बोल बघू, अगदी मोकळेपणाने.”

मिनोरी नगरपालिकेत कर्ण्यांचंच काम बघायची. मंडळात नवी. तिने सरांकडे पाहिलं, कॉफीकडे पाहिलं आणि म्हणाली, “मला वाटतं... ‘कोबी’. म्हणजे, विचार करायला लावतं ना ते.”

मग वाकुई न्हावी. हा गेली कित्येक वर्षं ‘रिकाम्या बसचा शेवटचा थांबा’ या गाण्यासाठी भांडतो. एकदा तर गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून तो वाद घालायला रस्त्यावर आला होता. पण पोरीने सुरुवातच अशी केल्यावर तो तरी काय करणार?

“शेवटी कोबी म्हणजे काय हो?” तो खाकरून म्हणाला. “आयुष्यच की. एकेक पान काढत जायचं.”

“आणि आत?” कुणीतरी विचारलं.

“आत... कोबीच.”

सरांनी गंभीरपणे मान हलवली. पुढचे सगळे त्याचीच री ओढत गेले. फुमिएची पाळी आली. तिने सकाळी कॉफीच्या गाळणीसमोर उभं राहून भाषणाची तयारी केली होती. आईचं सांगायचं, विसळायच्या भांड्यांचं सांगायचं, सगळं ठरलं होतं.

“मला पण...” ती म्हणाली, “तसंच वाटतं.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. राहिले सर. त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. “सर्वांचं एकमत आहे म्हटल्यावर मी कोण मोडता घालणारा?” आणि टाळ्या वाजल्या.

आता ‘कोबी’ची चाल कशी आहे ते सांगायला हवं. ती तीन पायऱ्या चढते, चौथीवर पाय ठेवणार, आणि थांबते. बस. गाण्यात तिथे सुरी पाटावर आपटते आणि कोबी संपतो, असा म्हणे अर्थ आहे. कर्ण्यावर मात्र सुरी नव्हती. एक तारखेला पाचला गावभर चाल घुमली, तीन पायऱ्या चढली आणि हवेतच राहिली.

किनाऱ्यावर पोरं चेंडू धरून उभी राहिली. पुढचा सूर येईना, तेव्हा त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. अंधार पडल्यावर आया शोधत आल्या. “पाचची चाल ऐकू नाही आली?” “आली, पण अजून संपली कुठे?” वाकुईचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी हवेतच थबकला. गिऱ्हाईक पुढच्या सुराची वाट बघत होतं, आणि वाकुई गिऱ्हाइकाची.

फुमिए त्या दिवशी मुद्दाम आईजवळ गेली होती. चाल थांबली तशी आईने तिच्याकडे पाहिलं.

“हे आपलं गाणं?”

“नाही गं आई. दुसरं लागलं.”

“तुझं मत कुठे गेलं मग?”

“दिलं की.”

“कशाला दिलंस?”

“याच गाण्याला,” फुमिए पुटपुटली.

“लहानपणापासून तू अशीच. शेजारणीने केलेला कडू मुळा तोंड वाकडं न करता तीनदा वाढून घेतलास, आणि रात्रभर मला उठवलंस.” आईने समोरच्या वाटीकडे पाहिलं आणि उचललेल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “असू दे. संपू दे ते, मग जेवू.”

“संपलं, आई.”

“मी बहिरी नाही. अर्धवट गाण्यावर जेवायला बसू नये.”

तोमेबाई त्या टेबलावर वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी काड्या ठेवल्या म्हटल्यावर बाकीच्यांनीही निमूटपणे ठेवल्या. सूप निवायला लागलं. सेविका गोंधळल्या. शेवटी फुमिएने इकडेतिकडे पाहिलं, लाजत लाजत चौथ्या पायरीचा सूर गुणगुणला आणि खाली मान घातली.

“हं. आता झालं,” आई म्हणाली. सगळं टेबल जेवायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आश्रमातून फोन. “माफ करा हं, ऐन कामाच्या वेळी त्रास देतोय. आईंनी काड्या ठेवल्यात. तो सूर जरा फोनवर लावता का?”

फुमिएने लावला. पलीकडून आईचा आवाज आला, “फोनवरचा सूर शिळा लागतो.”

तेव्हापासून फुमिए साडेचारलाच दुकानाला कुलूप लावून टेकडी चढू लागली. याआधी ती रविवारी जायची, आणि कधी कधी रविवारीही जमायचं नाही. आता रोज पाचला सूर लावायचा आणि आई जेवेपर्यंत बसायचं. जेवता जेवता आई बोलायची. दुकानातली साखर बाबांपासून कुठे लपवायची ते, फुमिए रांगत असताना गिऱ्हाइकाची टोपी कशी घालून बसली होती ते. फुमिएला उतरताना गुडघे दुखायचे आणि फार बरं वाटायचं.

इकडे नगरपालिकेत फोन येऊ लागले. गाणं वाईट आहे असं कोण म्हणेल? आमचं गाव तसलं नाही. “गाणं अतिशय सुंदर आहे हो, फक्त शेवटी वायर तुटलीये का, ते बघाल का?” असं लोक विचारत. मिनोरीने माणसं पाठवली, ती खांबांवर चढली, कर्णे पुसून खाली उतरली. मग तिने सायोसानच्या कार्यालयाला विचारलं. गाणं तिथेच संपतं, असं उत्तर आलं.

शेवटी पुढच्या बैठकीत मिनोरी उभी राहिली. डोळ्यांत पाणी. कंबरेत इतकी वाकली की तिचे केस फुमिएच्या केकला लागले.

“मला क्षमा करा. मला ‘कोबी’ मुळीच आवडत नाही. मी सरांसाठी म्हटलं.”

मग वाकुई म्हणाला, “मला पण नाही आवडत. ती पानंबिनं मी आयत्या वेळी जुळवली.”

मग एकेक जण बोलू लागला. फुमिएही बोलली. सगळ्यांनी भीत भीत सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा लाल झाला होता.

“म्हणजे तुम्हाला कुणालाच...? अरे, मला ते पहिल्या दिवसापासून सहन होत नाही!”

“पण सर, तुम्हीच म्हणाला होतात, विचार करायला लावणारं आहे!”

“मग? मी विचार करत होतो, हे बाईंनी का केलं असेल! तुम्ही दर महिन्याला भक्तिभावाने लावता, म्हणून मी गप्प बसलो. मला तर ‘दीपगृह’ हवं होतं.”

फुमिएने कपाळाला हात लावला.

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखल्यावर सरांनी फर्मान काढलं. मतदान पुन्हा होईल, आणि या वेळी तोंडाने नाही. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, नाव घालायचं नाही, कॉफीच्या डब्यात टाकायची. “खोटं लिहाल तर माझे विद्यार्थी नव्हे. मनातलं लिहा.”

फुमिए पेन्सिल घेऊन बसली. ‘दीपगृहाला’ एवढं लिहिलं आणि थांबली. दीपगृहाची चाल पुरी होती, छान शेवटपर्यंत जाऊन थांबणारी. ती वाजली की आई आपली आपण जेवायला लागेल. मग पाचला टेकडी चढून करायचं काय? तिने लिहिलेलं खोडलं.

मिनोरीने डबा उपडा केला आणि एकेक चिठ्ठी वाचली. “कोबी. कोबी. कोबी...” वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटची चिठ्ठीही ‘कोबी’च निघाली.

सर ताडकन उठले. “अरे, काय म्हणावं तुम्हाला! एवढं समजावून पुन्हा माझा मान राखलात?”

“सर, शपथ! मी मनापासून लिहिलं,” वाकुई म्हणाला. “पाचला वस्तरा थांबतो ना, तेव्हा गिऱ्हाईक आणि मी दोघं मिळून सूर लावतो. आता माणसं मुद्दाम त्या वेळेला येतात.”

“उगीच काहीतरी जुळवू नकोस. पानांसारखं.”

“मग सर, तुमची चिठ्ठी?” मिनोरीने हळूच विचारलं. “डब्यात दुसरं गाणंच नव्हतं.”

सर खाली बसले. कपातला चमचा उगाच फिरवत राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दारात पोर म्हणून फिरकलं नव्हतं. गेला महिनाभर मात्र किनाऱ्यावरची पोरं पाचला त्यांच्या खिडकीखाली जमत. सर बासरीवर शेवटचा सूर वाजवत, “संपलं! पळा घरी!” म्हणून ओरडत, आणि पोरं पळत. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

“मी तुमच्यासाठी लिहिलं,” सर म्हणाले. ते कुणालाच खरं वाटलं नाही. पण भिंतीवरचं घड्याळ बघून तेच सगळ्यांच्या आधी उठले.

या गोंधळात फुमिएला उशीर झाला. ती एप्रनवरच टेकडी चढू लागली आणि अर्ध्या वाटेतच गावभर चाल घुमली. तीन पायऱ्या चढली, थांबली. खालून बासरी ऐकू आली. फुमिए धावतपळत आश्रमाच्या खिडकीशी पोचली आणि तिथेच उभी राहिली. आत तिची आई काड्यांनी ताल धरून चौथ्या पायरीचा सूर म्हणत होती, खणखणीत, अगदी जागच्या जागी. मग म्हणाली, “हं, जेवा रे.” आणि सगळ्यांबरोबर स्वतःही जेवायला लागली.

फुमिए श्वास घेऊन दारातून आत गेली. तिला बघताच आईने घाईघाईने काड्या खाली ठेवल्या, वाटी पुढे सरकवली आणि हात मांडीवर घेतले. टेबलावरच्या बाकीच्यांनीही काड्या ठेवल्या.

“किती उशीर! कधीची ताटकळलेय. अजून संपलं नाही बघ ते गाणं.”

आईच्या हनुवटीला भाताचं शीत चिकटलेलं होतं.

फुमिएने खुर्ची ओढून घेतली, नेहमीसारखा सूर लावला आणि रुमालाने आईची हनुवटी पुसली.

“हं,” आई म्हणाली. “आता झालं.”